शिरूर-दौंड परिसरातील परदेशी मिशनरी आणि स्थानिक ख्रिस्ती मंडळी : स्थिरावण्याच्या प्रक्रियेचा ऐतिहासिक अभ्यास (इ. स. १८४१ ते १९२२)

गोषवारा

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड या तालुक्यांत एकोणिसाव्या शतकात परदेशी ख्रिस्ती मिशनरी येऊन स्थायिक झाले. शिरूर येथे अमेरिकन मराठी मिशनने १८४१ मध्ये ठाणे सुरू केले. दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी १८९६ नंतर मुक्ती सदनाचा विस्तार केला आणि परदेशी मिशनरी स्त्रिया त्यांच्या हाताखाली काम करण्यास आल्या. पहिल्या ठिकाणी परदेशी पाहुणा यजमान झाला, तर दुसऱ्या ठिकाणी तो पाहुणाच राहिला. या दोन उदाहरणांची तुलना करून, परक्या देशात मिशनऱ्याचे स्थिरावणे म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

बीजसंज्ञा : अमेरिकन मराठी मिशन, शिरूर, पाबळ, केडगाव, पाळकपद, स्वावलंबी मंडळी, पंडिता रमाबाई.

प्रस्तावना

महाराष्ट्रातील मिशनरी कार्याचा अभ्यास बहुधा दोन अंगांनी झालेला आहे. एका अंगाने शाळा, छापखाने, कोश व दवाखाने यांच्या रूपाने झालेल्या आधुनिकीकरणाचा गौरव केला जातो. दुसऱ्या अंगाने धर्मांतराच्या हेतूची चिकित्सा केली जाते. या दोन्ही मांडण्यांत मिशनरी हा देणारा आणि स्थानिक समाज हा घेणारा असे गृहीत धरलेले असते. परंतु मिशनरी स्वतः परक्या मुलखात आलेला मनुष्य होता. त्याला राहण्यासाठी परवानगी, बोलण्यासाठी भाषा आणि उपासनेसाठी मंडळी हवी होती. या तीनही गोष्टी त्याला येथील माणसांकडूनच मिळावयाच्या होत्या. या दृष्टीने पाहिल्यास मिशनचा इतिहास हा देण्याघेण्याच्या व्यवहाराचा इतिहास ठरतो.

या अभ्यासासाठी भीमा व घोड या नद्यांच्या खोऱ्यातील पट्टा निवडला आहे. त्याच्या पश्चिमेला वेळ नदीच्या काठचे पाबळ हे जुने बाजाराचे गाव आहे. पाबळच्या पूर्वेला सुमारे ३५ किलोमीटर अंतरावर घोड नदीकाठी शिरूर, म्हणजेच लोकांच्या तोंडचे घोडनदी, हे गाव येते. दक्षिणेला भीमा ओलांडली की दौंड तालुक्यातील केडगाव लागते. हा सारा पट्टा पर्जन्यछायेतील आहे. पावसाची अनिश्चिती ही येथील जीवनाची कायमची अट असून, मंडळीच्या इतिहासावरही तिचा ठसा उमटलेला दिसतो.

१. परक्याला सामावून घेण्याची परिसराची रीत

मिशनरी येण्यापूर्वीही या परिसराला परक्या माणसांची सवय होती. पाबळ येथे मस्तानीची कबर आहे. बुंदेलखंडातून आलेली ही स्त्री पहिल्या बाजीरावाच्या जीवनात आली. पुण्याच्या कर्मठ वर्तुळाने तिला अखेरपर्यंत स्वीकारले नाही, परंतु इनामाच्या गावाने तिची कबर जपली. शेजारच्या केंदूर येथे संत कान्हुराज पाठक यांचे स्थान असून कीर्तन-भजनाची परंपरा या भागात खोलवर रुजलेली आहे.

शिरूर येथील उदाहरण अधिक बोलके आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे इंग्रजांची छावणी होती. कोरेगाव भीमा येथील १ जानेवारी १८१८ च्या लढाईत उतरलेली तुकडी शिरूरहूनच निघाली होती. या छावणीतील कर्नल विल्यम वॉलेस हा अधिकारी १८०९ मध्ये मरण पावला. त्याच्या थडग्याला स्थानिक लोक ‘सत्पुरुष’ म्हणून भजू लागले. पिकाचे पहिले धान्य तेथे नैवेद्य म्हणून आणण्याच्या प्रथेचा उल्लेख पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरमध्ये आढळतो.

या दोन्ही स्थळांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. परक्या माणसाला आपल्या श्रद्धाविश्वात जागा देण्याची रीत येथील समाजाजवळ होती. मात्र ती त्या व्यक्तीच्या मृत्यूनंतरची होती. मृत परक्याकडून गावाच्या रचनेला धोका नसतो. मिशनरी मात्र जिवंतपणी येऊन राहू पाहत होता. गावकुसाबाहेरच्या माणसाला शेजारी बसवण्याचा त्याचा आग्रह होता आणि त्यामुळे गावाच्या रचनेलाच प्रश्न पडत होता. म्हणून त्याचे स्थिरावणे सोपे नव्हते.

२. परवानगी, भाषा आणि मृत्यू : १८१३ ते १८४१

अमेरिकन बोर्ड ही परदेशी मिशन चालवणारी संस्था १८१० मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले मिशनरी १८१२ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, शिवाय त्याच वर्षी इंग्लंड व अमेरिका यांच्यात युद्ध सुरू झाले. त्यामुळे त्यांना देश सोडण्याचे हुकूम निघाले. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोघे कलकत्त्याहून निसटून फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस आले. तेथेही त्यांना परत पाठवण्याची तयारी झाली होती. मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे त्यांनी विनंतीपत्रे दिली. नेपियन यांची वैयक्तिक सहानुभूती आणि १८१३ च्या सनदेतील नवे धोरण यांमुळे अखेरीस त्यांना राहता आले. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ असा अनिश्चिततेत झाला.

परवानगीनंतरची अडचण भाषेची होती. मिशनरी मुंबईच्या रस्त्यांवर व देवळांच्या आसपास मराठीत बोलू लागले. मिशनने छापखाना सुरू केला आणि १८२६ मध्ये मराठी नवा करार छापून झाला. त्याच वर्षी मार्च महिन्यात नाशिक-त्र्यंबक भागातून परतताना हॉल यांचा पटकीने मृत्यू झाला. त्यांचे सहकारी सॅम्युएल न्यूवेल १८२१ मध्ये पटकीनेच गेले होते, तर नॉट प्रकृतीच्या कारणास्तव १८१५ मध्येच परतले होते. पहिल्या पिढीच्या दृष्टीने परक्या देशात राहणे म्हणजे बहुधा तेथेच लवकर मरणे असा अर्थ होता.

मुंबईतील दमट हवा आणि अल्प यश यांमुळे मिशनने पठाराकडे लक्ष वळवले. डिसेंबर १८३१ मध्ये ॲलन ग्रेव्हज, हॉलिस रीड आणि विल्यम हर्वे हे अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथे आले. त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ हे ब्राह्मण ख्रिस्ती होते. हर्वे पुढच्याच वर्षी व बाबाजी १८३३ मध्ये मरण पावले. तरीही १८३३ मध्येच नगरला मंडळीची स्थापना झाली. गरीब, अंध व पंगू लोकांसाठी चालवलेल्या आश्रयस्थानातील माणसांचा तिच्या आरंभीच्या सभासदांत समावेश होता. पुढे १८३९ मध्ये हरिपंत रामचंद्र खिस्ती यांनी बाप्तिस्मा घेतला. प्रभुभोजनाच्या वेळी ब्राह्मण आणि महार एकाच प्याल्यातून पिऊ लागले. त्या काळच्या समाजाच्या दृष्टीने हा धर्मांतराइतकाच मोठा धक्का होता.

याच काळात सिंथिया फरार या अविवाहित मिशनरी स्त्रीने नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. १८२७ मध्ये त्या मुंबईस आल्या आणि १८३९ पासून १८६२ मधील मृत्यूपर्यंत नगरला राहिल्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मिशनऱ्यांनी लावलेले रोप मंडळीच्या कुंपणाबाहेर वाढल्याचे हे ठळक उदाहरण होय.

३. शिरूरचे ठाणे

नगर-पुणे रस्त्यावरील शिरूर हे मिशनला सोयीचे होते. छावणीमुळे रस्ता, बाजार व टपाल यांची व्यवस्था होती आणि नगर जवळ होते. १८४१ मध्ये ओझ्रो फ्रेंच यांच्या वास्तव्याने येथे ठाणे सुरू झाले. पुढील काळात लेम्युएल बिसेल यांनी आणि त्यानंतर दीर्घकाळ रिचर्ड विन्सर यांनी येथील काम पाहिले.

ठाण्याची रचना इतर ठिकाणांसारखीच होती. मध्ये मिशनचा बंगला, जवळ शाळा व उपासनेची जागा आणि सभोवती खेडी. पावसाळ्यात मिशनरी ठाण्यात राही. थंडीच्या दिवसांत तो तंबू घेऊन फिरतीवर निघे. बाजाराचा दिवस साधून पुस्तके वाटणे, चावडीसमोर किंवा महारवाड्यात बोलणे, रात्री कंदिलाच्या उजेडात गाणी म्हणणे असा फिरतीचा क्रम असे. पाबळसारखे तालुक्याच्या पश्चिमेकडील बाजारगाव ठाण्यापासून बैलगाडीने दोन मुक्कामांच्या वाटेवर पडते. इतक्या अंतरावरील खेड्यांत परदेशी माणसाची उपस्थिती वर्षातून काही दिवसांचीच असू शकते. उरलेल्या दिवसांत मंडळी टिकवण्याचे काम स्थानिक उपदेशक, शाळामास्तर आणि बायबल वाचून दाखवणाऱ्या स्त्रिया यांच्यावरच पडणार, हे उघड आहे. म्हणून ठाण्याच्या इतिहासात मिशनऱ्याचे नाव पुढे दिसत असले, तरी दैनंदिन मंडळीचा भार या माणसांनी वाहिला असे म्हणावे लागते.

खेड्यातील नव्या ख्रिस्ती माणसापुढे रोजचे पेच होते. महार हा गावकामगार होता; त्याच्या कामाच्या मोबदल्यात त्याला बलुते मिळे. या कामांपैकी काही गावच्या देवाच्या उत्सवाशी जोडलेली होती. ती सोडली तर बलुते बुडण्याची भीती आणि केली तर मंडळीचा ठपका. मांग समाजाच्या वाजंत्रीबाबतही हीच अडचण निर्माण होई. विहिरीवरचे पाणी व स्मशानाची जागा हे प्रश्न बाप्तिस्म्याने सुटत नव्हते. शिवाय महार आणि मांग यांच्यातील अंतर मंडळीच्या आतही पुरते मिटले नाही. प्रभुभोजनात एकत्र बसणारी कुटुंबे सोयरीक जुळवताना मात्र जुन्याच वाटेने जात.

उपासनेच्या रूपाचा प्रश्नही महत्त्वाचा होता. अमेरिकन चालींवर रचलेली मराठी गीते आरंभी गाइली जात. हेन्री बॅलंटाइन यांनी अशी अनेक गीते रचली व भाषांतरित केली. परंतु अभंगाच्या व ओवीच्या छायेत वाढलेल्या माणसाला ती परकीच वाटत. १८६० च्या दशकापासून कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या स्थानिक ख्रिस्ती कवी-कीर्तनकारांनी ख्रिस्ती कीर्तनाचा मार्ग काढला. पूर्वरंग, आख्यान, टाळ-मृदंग हे सारे तेच राहिले. कथा मात्र येशूची आली. नारायण वामन टिळक यांनी १८९५ मधील बाप्तिस्म्यानंतर हा प्रवाह आणखी समृद्ध केला. मंडळीला मराठी कंठ मिळवून देण्याचे श्रेय बंगल्यातील पाहुण्यापेक्षा या कीर्तनकारांना अधिक द्यावे लागेल.

४. पाळकपदाचा प्रश्न : १८५४-५५

अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी काँग्रिगेशनल पंथाचे होते. या पंथात प्रत्येक मंडळी स्वतंत्र असते. तिचे सभासद आपला पाळक स्वतः निवडतात आणि त्याचे पोषण स्वतः करतात. बिशपची उतरंड नसते. तत्त्वतः अशा पंथाच्या मिशनऱ्याने स्थानिक पाळक लवकर नेमावयास हवा होता. प्रत्यक्षात नगरची मंडळी स्थापन झाल्यावर सुमारे वीस वर्षे पाळकपण मिशनऱ्यांकडेच राहिले. ज्ञान अपुरे, अनुभव कोवळा, वर्तन अद्याप कसोटीस उतरलेले नाही, अशी कारणे दिली जात.

ही कोंडी फोडण्यास बाहेरून जोर मिळाला. अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानातील मिशनांची पाहणी करण्यास आले. मिशनचे अंतिम ध्येय शाळा चालवणे नसून स्वतःचा कारभार पाहणारी, स्वतःचा खर्च भागवणारी आणि स्वतः प्रसार करणारी स्थानिक मंडळी उभी करणे हे आहे, असे त्यांचे मत होते. चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन हेही इंग्लंडमध्ये असाच विचार मांडत होते. अँडरसन यांच्या भेटीच्या काळात, १८५४ च्या अखेरीस, हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत विनायक मोडक यांना नगर येथे पाळकपदाची दीक्षा देण्यात आली.

हा निर्णय दुहेरी होता, हे लक्षात घेतले पाहिजे. एका हाताने अँडरसन यांनी पाळकपद स्थानिकांना दिले. दुसऱ्या हाताने त्यांनी इंग्रजी शिक्षणाला कात्री लावली, कारण इंग्रजी शिकलेला तरुण मंडळीऐवजी सरकारी नोकरीकडे जातो असे त्यांना वाटे. या धोरणाबाबत मिशनऱ्यांमध्येही मतभेद होते. स्थानिक पाळक हवा, परंतु तो मिशनऱ्याच्या बरोबरीचा शिकलेला असावा की नाही, हा प्रश्न त्यामुळे अनिर्णित राहिला. १८७८ मध्ये नगरला धर्मशिक्षणाचे विद्यालय नियमित स्वरूपात सुरू झाले आणि रॉबर्ट ॲलन ह्यूम यांनी ते दीर्घकाळ सांभाळले. मुंबईत जन्मलेल्या ह्यूम यांच्यासारख्या दुसऱ्या पिढीच्या मिशनऱ्याला हा देश परका नव्हता. तरीही वेतन, घर व अधिकार यांबाबत तो आणि त्याचा मराठी सहकारी यांच्यातील अंतर कायम होते.

५. मंडळीचे अर्थकारण आणि दुष्काळ

पाळक स्थानिक झाला, परंतु त्याचा पगार कोणी द्यावयाचा? स्वावलंबनाच्या तत्त्वानुसार तो मंडळीने द्यावयास हवा. येथे तत्त्वाची गाठ जमिनीशी पडली.

१८७५ मध्ये सुपे येथून सुरू झालेले दख्खनचे दंगे भीमथडी व शिरूर तालुक्यांत पसरले. कर्जरोखे जाळणारे शेतकरी हे त्यातल्या त्यात जमीनधारक होते. त्यांचीच सावकाराकडे अशी स्थिती असेल, तर बलुत्यावर व मजुरीवर जगणाऱ्या महार-मांग कुटुंबांची काय असेल, याची कल्पना करता येते. त्यापाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ आला. नगर-शिरूर भागातील मंडळ्यांची सभासदसंख्या या दुष्काळानंतरच्या वर्षांत वाढली. पण वाढलेले सभासद सर्वांत गरीब थरातील होते. संख्या वाढली तशी मंडळीची देणगी देण्याची सरासरी शक्ती घटली, असा हा पेच होता. ‘दुष्काळी ख्रिस्ती’ हा हिणकस शब्दप्रयोग येथूनच रूढ झाला. भुकेपोटी आलेल्या माणसाची श्रद्धा खोटी असते, असे त्यात गृहीत धरलेले आहे. या मंडळ्या दुष्काळ संपल्यावरही पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, ही वस्तुस्थिती मात्र त्या गृहीतकाशी जुळत नाही.

शिरूर येथे रिचर्ड विन्सर यांनी या पेचावर औद्योगिक शिक्षणाचा उपाय शोधला. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नावाने चालणाऱ्या येथील उद्योगशाळेत सुतारकामासारखे व्यवसाय शिकवले जात. घायपाताच्या वाखापासून वस्तू करण्याचे प्रयोगही तेथे झाले. माळरानावर आपोआप वाढणारी वनस्पती, अल्प भांडवल आणि हाताला काम, असा हा हिशेब होता. ख्रिस्ती तरुण मिशनच्या नोकरीवर अवलंबून राहू नये आणि आपल्या कमाईतून मंडळी चालवू शकावा, हा त्यामागील हेतू होता. एका पारशी दानशूराच्या नावाची शाळा अमेरिकन मिशनरी चालवतो आणि तीत दलित समाजातील मुले कारागिरी शिकतात, हे चित्र त्या काळच्या मुंबई इलाख्याचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. याच तालुक्यातील पाबळ येथे १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. या दोन उपक्रमांत संस्थात्मक नाते नाही. परंतु पुस्तकी शिक्षण आणि कोरडवाहू खेडे यांच्यातील दरी हातांच्या कामाने सांधावी, हा विचार या मातीत दोनदा बाहेरून आलेल्या माणसांनी रुजवला, एवढी नोंद येथे पुरेशी आहे.

तथापि, उद्योगशाळेने पगाराचा प्रश्न सुटला नाही. पाळक, मास्तर व उपदेशक यांची मोठी संख्या मिशनच्या पैशावरच राहिली. ज्याच्या हाती पैसा, त्याचाच शब्द अखेरचा, हा व्यवहारातील नियम मंडळीलाही लागू झाला. १९१७ मध्ये नारायण वामन टिळक यांनी मिशनची वेतनी सेवा सोडून संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा संकल्प केला, तो याच नियमाविरुद्धचा उद्गार होता. १९१९ मधील त्यांच्या मृत्यूमुळे तो प्रयोग अपुरा राहिला.

६. केडगाव : यजमान आणि पाहुणे यांची अदलाबदल

शिरूरहून दक्षिणेला, भीमेच्या पलीकडे, या प्रश्नाला वेगळे उत्तर मिळत होते. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यास आले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यातील प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना तेथे ठेवणे अशक्य झाले आणि रेल्वेमार्गावरील केडगावच्या शेतजमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तेथील रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

परक्या देशात परक्या चर्चमध्ये स्थिरावण्याचा अनुभव रमाबाईंना स्वतःला होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावरून हिंदुस्थानातील बिशपांचा सल्ला घेण्यात आला व तो प्रतिकूल आला. रमाबाईंनी आपल्या पत्रव्यवहारात या हस्तक्षेपाला विरोध केला आणि सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य सोडण्यास नकार दिला. ज्या स्त्रीने पाहुणी म्हणून यजमानाच्या अधिकाराची मर्यादा ठरवली, ती यजमान झाल्यावर पाहुण्यांना कसे वागवते, हे म्हणूनच अभ्यसनीय ठरते.

केडगावला येणाऱ्या परदेशी स्त्रियांपैकी मिनी एब्रम्स या प्रमुख होत. अमेरिकन मेथडिस्ट मिशनच्या कामासाठी त्या १८८७ मध्ये मुंबईस आल्या होत्या. १८९८ मध्ये त्या मुक्ती सदनात दाखल झाल्या. शिरूरच्या ठाण्यात मिशनरी नियम करीत असे आणि स्थानिक सहकारी ते पाळत असे. येथे नियम रमाबाईंचे होते. त्यांनी शाकाहार सोडला नव्हता व जाडाभरडा पांढरा पोशाख हाच त्यांचा वेष होता. धर्मशिक्षण, शेती, विणकाम, छपाई या सर्वांचे नियोजन त्यांच्या हाती होते आणि परदेशी स्त्री ही त्या रचनेतील एक कार्यकर्ती होती. शेजारी दौंड येथे अल्बर्ट नॉर्टन या अमेरिकन गृहस्थांनी १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर अनाथ मुलग्यांचे घर चालवले. त्यांचाही केडगावशी निकटचा संबंध होता.

१९०५ च्या जून महिन्यात केडगावला धार्मिक जागृतीची मोठी लाट आली. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रडणे, पापकबुली, गाणे असे तिचे स्वरूप होते. शांत, क्रमबद्ध उपासनेची सवय असलेल्या अनेक परदेशी निरीक्षकांना हे विचित्र वाटले. रमाबाईंनी मात्र मुलींना आपल्या पद्धतीने व्यक्त होण्यास अडवले नाही. एब्रम्स यांनी या अनुभवातून १९०६ मध्ये एक पुस्तिका लिहिली. ती दक्षिण अमेरिकेतील चिली देशात विलिस हूवर या मेथडिस्ट पाळकाच्या कुटुंबापर्यंत पोहोचली आणि तेथील पेंटेकॉस्टल चळवळीच्या उगमाशी तिचे नाते जोडले जाते. शिकवण्यास आलेली मिशनरी स्त्री भीमेकाठच्या अनाथ मुलींकडून शिकली आणि ते शिक्षण तिसऱ्या खंडात गेले, असा हा उलटा प्रवास आहे.

भाषेच्या बाबतीतही केडगावचे वेगळेपण दिसते. प्रचलित मराठी बायबलची भाषा सामान्य स्त्रियांना जड जाते, असे रमाबाईंचे मत होते. हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून त्यांनी संपूर्ण बायबलचे सोपे मराठी भाषांतर केले आणि त्याची जुळणी व छपाई सदनातील स्त्रियांनीच केली. मुंबईतील पहिल्या मिशनऱ्यांना जे काम पंडितांच्या साहाय्याने करावे लागले, ते येथे एका मराठी स्त्रीने मराठी स्त्रियांच्या हातांनी केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत भाषांतराचे काम त्यांनी पूर्ण केले होते; मुद्रण १९२४ मध्ये पुरे झाले.

७. दोन वाटांची तुलना

शिरूर व केडगाव या दोन्ही वाटांत एकेक उणीव राहिली. नगर-शिरूरच्या वाटेवर मंडळीची संस्था उभी राहिली. सभासदांची यादी, निवडलेला पाळक, ठराव, वर्गणी ही सारी यंत्रणा मिशनऱ्याच्या बदलीने वा मृत्यूने मोडत नव्हती. परंतु पैशाची किल्ली दीर्घकाळ परदेशी मिशनकडे राहिली आणि म्हणून स्थानिक पाळकाचा अधिकार कागदावर अधिक व व्यवहारात कमी असा झाला.

केडगावच्या वाटेवर पैसा व अधिकार दोन्ही एका मराठी स्त्रीच्या हाती होते. देणग्या परदेशांतून येत, पण त्यांचा विनियोग रमाबाई ठरवीत. परदेशी मिशनरी येथे खऱ्या अर्थाने सहकारी झाले. मात्र हा अधिकार व्यक्तीशी बांधलेला होता. त्यांची कन्या व वारस मनोरमाबाई जुलै १९२१ मध्ये, आईच्या आधीच, मरण पावल्या. रमाबाईंच्या मागे सदनाचे व्यवस्थापन प्रामुख्याने परदेशी मिशनरी स्त्रियांकडे गेले. जे स्वातंत्र्य एका असामान्य स्त्रीने मिळवले होते, ते संस्थेच्या घडणीत पुरेसे उतरले नव्हते, असाच याचा अर्थ होतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

एक, परक्या देशात मिशनऱ्याचे स्थिरावणे बंगला, शाळा वा चर्चची इमारत यांवरून मोजता येत नाही. ज्या दिवशी मंडळीचे काम त्याच्यावाचून चालू लागते, त्या दिवशी त्याचे काम रुजले असे म्हणता येते. या कसोटीवर १८५४ ची पाळकदीक्षा ही १८३१ च्या आगमनापेक्षा अधिक महत्त्वाची घटना ठरते.

दोन, स्वावलंबी मंडळीचे तत्त्व बोस्टनमध्ये ठरले, पण त्याची परीक्षा दख्खनच्या कोरडवाहू जमिनीवर झाली. १८७५ चे दंगे आणि नंतरचे दुष्काळ ध्यानात न घेता मंडळीच्या परावलंबनाचा दोष स्थानिक ख्रिस्ती समाजाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

तीन, मंडळीला मराठी रूप देण्याचे काम कीर्तनकार, उपदेशक, मास्तर आणि बायबल वाचणाऱ्या स्त्रिया यांनी केले. मिशनच्या अहवालांत त्यांची नावे क्वचित येतात. म्हणून त्या अहवालांवर आधारलेला इतिहास मिशनऱ्यांचाच इतिहास होऊन बसतो.

चार, अधिकाराचे हस्तांतरण पूर्ण होण्यासाठी पद, पैसा आणि नियमबद्ध संस्था या तिन्ही गोष्टी एकत्र हस्तांतरित व्हाव्या लागतात. शिरूरला पैसा मागे राहिला आणि केडगावला संस्था. अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील मंडळ्या पुढे उत्तर हिंदुस्थान संयुक्त मंडळीत आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारत मंडळीत सामील झाल्या. तोवर हॉल व नॉट मुंबईच्या बंदरात उतरल्याला १५७ वर्षे झाली होती.

पाबळची कबर आणि शिरूरचे थडगे यांभोवती जी श्रद्धा जमली, तीत परका माणूस गावाचा झाला. पण त्यासाठी त्याला कोणाशी अधिकार वाटून घ्यावा लागला नाही. भीमा-घोडेच्या काठावरील मंडळ्यांत मात्र जिवंत माणसांना एकमेकांशी अधिकार वाटून घ्यावा लागला. त्या वाटणीला लागलेला काळ हाच या परिसरातील मिशनच्या इतिहासाचा खरा विषय आहे.